काच परक्यांची, स्क्रू आमचे

रांजणगावात टीव्ही तयार होतात, असे आपण छाती फुगवून सांगतो. हे वाक्य मला मान्य नाही. रांजणगावात टीव्ही जोडले जातात. टीव्हीचा सगळा जीव ज्या पॅनेलमध्ये असतो, ज्याला कारखान्यात ओपन सेल म्हणतात, ते पॅनेल परदेशातून खोक्यात बंद होऊन येते. दोन पातळ काचा, त्यांच्यामध्ये द्रव-स्फटिकाचा थर आणि काचेवरच छापलेली लाखो सूक्ष्म विद्युतमंडले असा तो ऐवज असतो. शिरूर, दौंड, श्रीगोंदा, पारनेरहून कंपनीच्या बसने येणारी पोरे त्याच्यामागे दिव्यांच्या पट्ट्या लावतात, बोर्ड बसवतात, झाकण लावतात, स्क्रू आवळतात आणि पुन्हा खोक्यात भरतात. त्यांच्या कष्टाला मी कमी लेखत नाही. उभ्याने शिफ्ट काढणे काय असते ते मला ठाऊक आहे, माझ्याच हाताखाली शिकलेली पोरे तिथे आहेत. माझा राग त्यांच्यावर नाही. ज्यांनी या जुळणीला ‘उत्पादन’ म्हणायची सवय आपल्याला लावली, त्यांच्यावर आहे.

एलजीला रांजणगावात येऊन सुमारे वीस वर्षे झाली. हायर २००७पासून आहे. वीस वर्षे म्हणजे एक पिढी. या पिढीत शिरूर तालुक्यात जमिनीचे भाव चढले, खोल्या बांधून भाड्याने देणारे शेतकरी झाले, मजूर पुरवणारे ठेकेदार झाले, पाण्याचे टँकरवाले आणि जेसीबीवाले झाले. काच जाणणारा एक माणूस झाला नाही. ज्या वस्तूवर सगळा धंदा उभा आहे तिच्याबद्दल आपल्या भागात कुणाला काहीही माहीत नाही आणि याची कुणाला लाजही वाटत नाही.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. मूळचा दौंड तालुक्यातला. त्यामुळे ज्या गोष्टीबद्दल लिहितो आहे ती मला दोन्ही बाजूंनी दिसते: वर्गातून आणि गावातून.

आधी २०२२ सालच्या तमाशाचा हिशेब करू. वेदांता आणि फॉक्सकॉन यांचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार अशी हवा होती. १३ सप्टेंबर २०२२ रोजी गांधीनगरात करार झाला आणि प्रकल्प गुजरातला गेला. मग महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो सगळ्यांना आठवत असेल. तुमच्यामुळे गेला, आमच्या काळात गेला नाही, कुणी किती बैठका घेतल्या, कुणी किती एकर देऊ केले होते. मोर्चे निघाले, सभा गाजल्या. या सगळ्या आरडाओरड्यात प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता: चिप. पण त्या प्रकल्पातला मोठा वाटा चिपचा नव्हताच, डिस्प्लेच्या कारखान्याचा होता. म्हणजे काचेचा होता. वेदांताच्या हाती २०१७पासून अवानस्ट्रेट ही डिस्प्लेची काच बनवणारी जपानी कंपनी आहे, तिचे कारखाने तैवान आणि कोरियात आहेत. डिस्प्लेची काच कशी ओततात हे जाणणारी माणसे ज्याच्या पगारावर आहेत असा उद्योगसमूह दाराशी आला होता. त्याच्याशी बोलताना आपल्या एका तरी पुढाऱ्याने किंवा अधिकाऱ्याने विचारले का, की बाबा, जमीन घे, सवलत घे, पण आमची शंभर पोरे तुझ्या काचेच्या भट्टीवर शिकायला पाठव? असे काही विचारल्याचे कुठे वाचनात आले नाही. भांडण झाले ते आकड्यांवर. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि ज्याच्यासाठी आपण एकमेकांच्या उरावर बसलो होतो ते गुजरातलाही मिळाले नाही.

दरम्यान ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह जाहीर झाला. २९७ एकर जमीन, ४९२ कोटी ८५ लाखांचा खर्च, त्यात केंद्राचे २०७ कोटी ९८ लाख, आणि ५,००० नोकऱ्यांचा अंदाज. तळेगावच्या जखमेवर लावलेले हे मलम होते हे शेंबड्या पोरालाही कळत होते. त्या समूहाचा पहिला मोठा उद्योग कोणता ठरला? फ्रिजचा. फ्रिज वाईट नाही, फ्रिजने घरे चालतात. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या नावाने आखलेल्या जागेत पहिला मान फ्रिजला जातो आणि कुणाला खटकत नाही, याचा अर्थ आपण काय मागतो आहोत हेच आपल्याला कळत नाही.

आता ही पडद्याची काच म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. घडीच्या फोनचा पडदा उघडा. त्याच्या वरच्या थरांत जी काच असते तिची जाडी साधारण ३० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्यापेक्षा कमी. फोन मिटला की ती दीड मिलिमीटरच्या आसपासच्या त्रिज्येत वाकते. काच वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते. हा ताण जाडीच्या सम प्रमाणात वाढतो आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात. ३० मायक्रॉन आणि दीड मिलिमीटर हे आकडे सूत्रात घातले की ताण येतो ७०० मेगापास्कल. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर सात टनांची ओढ. खिडकीची साधी काच याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच फुटते.

मग ही का फुटत नाही? काच मुळात दुबळी नसते. तिला दुबळे करतात ते तिच्यावरचे डोळ्यांना न दिसणारे ओरखडे. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९२०च्या सुमारास हे दाखवून दिले. भेग जितकी खोल तितका तिच्या टोकाशी ताण साठतो आणि काच तिथून उकलते. म्हणून सगळी विद्या पृष्ठभाग आणि कडा सांभाळण्यात आहे. काच पातळ ओढायची, कापताना कडेला पडलेल्या बारीक भेगा आम्लाने खाऊन बोथट करायच्या. मग ती सुमारे ४०० अंशांवर वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवायची. तिथे काचेतले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. दाटीवाटीने बसलेल्या या आयनांमुळे काचेचा पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. वाकवल्यावर आधी तो दाब संपवावा लागतो, तेव्हा कुठे ताण सुरू होतो. त्यात ओल आली की घात होतो, कारण ताणलेल्या भेगेच्या टोकाशी पाण्याची वाफ पोचली की भेग हळूहळू पुढे सरकते. आज टिकलेली काच सहा महिन्यांनी काही न होता तडकते ती यामुळे.

हे सगळे परग्रहावरचे ज्ञान नाही. वर्गात मी सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडवर ठेवतात ती कव्हरस्लिप घेऊन दाखवत असे. ती साधारण दीडशे मायक्रॉनची असते. दोन बोटांत धरून हलकेच दाबली की तिला स्वच्छ बाक येतो, सोडली की सरळ होते. मुले पुढच्या बाकांवर येऊन बघत. मग तिच्या कडेला फाइलचा एक ओरखडा मारायचा आणि तेवढाच बाक द्यायचा. टक् करून दोन तुकडे. दहा रुपयांच्या आतला हा प्रयोग. ग्रिफिथ समजायला आणखी काही लागत नाही. आणि अभ्यासक्रमात काचेला जागा किती? एका प्रकरणाचा शेवटचा भाग, परीक्षेला हमखास वगळला जाणारा. पोलादाला वर्षभर, काचेला दोन तास. या अभ्यासक्रमाला मुकाट मान डोलावणाऱ्या प्राध्यापकांना मी सोडणार नाही. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिथेच इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर काम करणारी सीमेट आहे, विद्यापीठ आहे, शंभर वर्षांहून जुने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. रांजणगाव तिथून तासा-दीड तासावर. शोधनिबंध छापून येतात, बढत्या होतात, सत्कार होतात. पण नगर रस्त्याने वाघोली-शिक्रापूरची कोंडी ओलांडून ते ज्ञान एमआयडीसीच्या फाटकापर्यंत येत नाही.

आता टिकाऊपणाचे बोलू, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथे आहे. शिरूरला एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात घडीचा एक फोन माझ्यासमोर उघडला. दुकानदार तरुण, हात सफाईचा. साध्या फोनची फुटलेली वरची काच तो यंत्रावर सोडवतो, नवी चिकटवतो, पडदा वाचतो, गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात. या फोनच्या घडीवरचे प्लॅस्टिकचे पटल नखाएवढ्या जागेत सुटले होते. त्याने भिंगाखाली धरला. सुटलेल्या कडेखाली खडीच्या कचीसारखा एक कण बसला होता आणि त्या कणापासून घडीच्या रेषेवर एक केसाएवढी भेग थेट वरपर्यंत गेली होती. तिच्या दोन्ही बाजूंचे पिक्सेल काळे पडले होते. तो म्हणाला, “सर, याला नुसती काच येत नाही. अख्खा कॉम्बोच टाकायचा. त्या पैशात लोक दुसरा चांगला फोन घेतात.” बिघाड एका कणाचा आणि फेकायचा अख्खा पडदा.

या फोनच्या जाहिरातीत २ लाख घड्या, ५ लाख घड्या असे आकडे असतात. त्या घड्या कुठे घातल्या? स्वच्छ खोलीत, ठरावीक तापमानात, यंत्राच्या हाताने. शिरूरच्या बायपासला उभ्या राहिलेल्या माणसाच्या खिशात त्या घातलेल्या नाहीत. आपल्याकडे धुळीत गारगोटी असते, जिची कठीणता ७ आहे. काचेची साडेपाच ते सहा. बिजागरीत शिरलेला असा एक कण प्रत्येक घडीला पडद्यावर ओरखडा काढतो. दौंडला मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो, बंद गाडीत ठेवलेला फोन त्याहून तापतो. थर एकमेकांना धरून ठेवणारा मऊ डिंक त्या उष्णतेत सरकतो आणि घडीची वळी कायमची उमटते. २०२४ साली नामांकित घडीच्या फोनला मिळालेली धूळप्रतिबंधाची खूण एवढेच सांगत होती की एक मिलिमीटरपेक्षा मोठा कण आत जाणार नाही. एक मिलिमीटर! आपल्या रस्त्यावरची धूळ त्याच्या कितीतरी पट बारीक. पूर्ण धूळबंद घडीचा फोन करता येतो हे गूगलने २०२५ मध्ये दाखवले. म्हणजे अडचण विज्ञानाची नव्हती. मागणारा नव्हता.

२०१९चा प्रसंग या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ आहे. सॅमसंगचा पहिला घडीचा फोन एप्रिलमध्ये परीक्षकांच्या हातात दिला आणि काही दिवसांतच पडदे गेले. वरचा थर प्लॅस्टिकचा होता. कुणी तो संरक्षक कागद समजून सोलला, कुणाच्या बिजागरीत कण शिरला. विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलली गेली. फेब्रुवारी २०२०मध्ये आलेल्या पुढच्या फोनवर पातळ काच होती. ही काच एका दिवसात कोरियात उगवली नाही. पातळ काच ओढण्याची विद्या जर्मनीच्या शॉट कंपनीने जपली होती, आणि त्या कंपनीचे मूळ जेना गावात १८८४ साली ऑटो शॉट, अर्न्स्ट आबे आणि झाइस यांनी काढलेल्या काचेच्या प्रयोगशाळेत आहे. त्या प्रयोगशाळेला प्रशियाच्या सरकारने अनुदान दिले होते. सरकारने प्रयोगशाळेला पैसा दिला. ती सव्वाशे वर्षे फळत राहिली.

विजेच्या बचतीचेही असेच. पडदा हा फोनमधला मोठा खादाड. घडीच्या फोनातले सेंद्रिय पिक्सेल स्वतः उजळतात, पण बाहेरच्या उजेडाचे परावर्तन मारण्यासाठी त्यांच्यावर ध्रुवक बसवलेला असतो आणि तो पिक्सेलने दिलेला निम्म्याहून अधिक प्रकाश गिळतो. २०२१च्या घडीच्या फोनात तो ध्रुवक काढून रंगगाळणी थेट पडद्याच्या आवरणावर छापली गेली. सॅमसंगच्या सांगण्यानुसार पडद्याची वीज २५ टक्क्यांपर्यंत वाचली, आणि पडदा पातळ झाल्यामुळे घडीलाही फायदा झाला. काचेच्या प्रत्येक मोकळ्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, त्यावर योग्य लेप दिला तर भर उन्हात पडदा कमी विजेत वाचता येतो. हे संशोधन कुणाच्या उपयोगाचे? जो माणूस दिवसभर उन्हात उभा असतो त्याच्या. उसाच्या फडातल्या मुकादमाच्या, दौंड जंक्शनच्या फलाटावर तिकीट तपासणाऱ्याच्या, घरपोच सामान देणाऱ्या पोराच्या. हे लोक पडद्याचा उजेड शंभर टक्क्यांवर ठेवतात आणि दुपारी तीनला चार्जर शोधतात. आपल्या उन्हासाठी पडदा घडवायचा तर तो आपल्या उन्हात तपासावा लागेल. सोलमध्ये बसून कुणी ते करणार नाही, आणि त्यांनी का करावे?

युरोपीय संघाने २० जून २०२५पासून फोनवर लेबल सक्तीचे केले. त्यावर फोन वीज किती जपून वापरतो, पडल्यावर किती टिकतो, दुरुस्त किती सहज होतो हे लिहावे लागते, आणि सुटे भाग सात वर्षे मिळालेच पाहिजेत. आपण रांजणगावच्या फ्रिजवर तारे छापतो, फोनवर काहीच नाही. शिरूरचा दुकानदार नुसती काच मागतो आणि त्याला ती मिळत नाही, हे आपल्या कायद्याला खटकत नाही.

कुणी म्हणेल, काच हा आपला विषयच नव्हे. खोटे आहे. तळेगावच्याच मातीत, वेदांताच्या १०० वर्षांहून अधिक आधी, १९०८ साली पैसाफंडाचा काचकारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, टिळकांनी पाठ थोपटली, आणि परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो चालवायला आले. तो नुसता कारखाना नव्हता, शाळा होती. तिथे हात बसलेले कारागीर देशभर गेले. पुढे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काचकारखाना काढला, गावच ओगलेवाडी झाले, आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलाने घरोघर उजेड दिला. आजच्यासारखे अनुदान नव्हते, एमआयडीसी नव्हती, राज्यही परक्यांचे होते. तरी त्या माणसांना एक गोष्ट पक्की कळली होती: आधी विद्या मिळवायची, मग वस्तू आपोआप होते. त्याच तळेगावच्या नावाने २०२२ साली आपण गळे काढले आणि त्या सगळ्या भाषणांत विद्या हा शब्द कुणाच्या ओठांवर आला नाही.

आणखी एक उदाहरण मला झोप लागू देत नाही. १९६२ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने आयन बदलून घट्ट केलेली काच जगापुढे आणली. गिऱ्हाईक मिळाले नाही. १९७१पर्यंत तो उद्योग गुंडाळला. पण वह्या जपून ठेवल्या, माणसे जपली. २००७ साली आयफोनला काच हवी होती तेव्हा तीच विद्या बाहेर काढली आणि काही महिन्यांत माल तयार झाला. ज्या १९६२ साली ती काच निघाली त्याच साली कॉर्निंगच्या सहकार्याने मुंबईत बोरोसिल सुरू झाली. आपल्या प्रत्येक शाळेतले चंचुपात्र तिचे. तापली तरी न तडकणारी काच आपण शिकलो, चांगली शिकलो. पण वाकणारी, घट्ट केलेली, पडद्याची काच शिकून ठेवावी असे महाराष्ट्राला साठ वर्षांत कधी वाटले नाही. आज त्याच कॉर्निंगचा एका भारतीय कंपनीशी मिळून फोनची काच घडवण्याचा कारखाना तमिळनाडूत आहे. केंद्राने ऑगस्ट २०२५पर्यंत मंजूर केलेल्या १० सेमीकंडक्टर प्रकल्पांत डिस्प्लेचा एकही नव्हता. काचेच्या पायावर चिप बसवणारा एक होता आणि तो ओडिशाला मिळाला. तमिळनाडू आणि ओडिशाने काच नेली तेव्हा इथे एकही मोर्चा निघाला नाही, कारण काय गेले तेच कुणाला कळले नाही. वाळू मात्र आपली जाते. कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू खणून, ट्रक भरून बाहेर जाते. खड्डे कोकणात राहतात, धूळ कोकणातल्या लोकांच्या छातीत राहते.

यावरचे ठरलेले उत्तर मला माहीत आहे. डिस्प्लेचा कारखाना म्हणजे हजारो कोटी, आपल्या आवाक्यातले काम नाही, कोरिया आणि चीन फार पुढे गेले. मी डिस्प्लेचा कारखाना मागतच नाही. काच वितळवण्याची १५०० अंशांची भट्टी, जी वर्षानुवर्षे एक क्षणही विझवता येत नाही, तीही आज मागत नाही. पातळ तक्ता बाहेरून आणा. पण त्याच्यावरचे काम, म्हणजे लेसरने कापणे, कडा बोथट करणे, आम्लाने आणखी पातळ करणे, आयन बदलणे, लेप देणे, वाकवून तपासणे, हे मध्यम उद्योगाच्या आवाक्यातले आहे. घडीच्या काचेची किंमत यातच ठरते आणि तिचे आयुष्यही. घडीपाशी पातळ आणि बाकी ठिकाणी जाड अशी काच खोदण्याचे काम जगभर सुरू आहे, कारण सगळीच काच पातळ केली तर पेन पडले तरी ती फुटते: जाडी निम्मी झाली की ताठरपणा आठवा हिस्सा उरतो. हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. म्हणजे शिरायला फट आहे. ती बुजेपर्यंत आपण वाट बघणार आहोत काय?

आणि दौंडकरांना मी एक गोष्ट आधीच बजावतो. या कामाला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागते. ते काच खाते, तसे हाडापर्यंत जाते. ‘रसायनांचे काम आहे, टाका कुरकुंभच्या एमआयडीसीत’ असे कुणी म्हणेल. कुरकुंभ आणि पांढरेवाडीच्या लोकांनी विहिरींच्या पाण्याचे, नाल्यांच्या वासाचे, मध्यरात्रीच्या स्फोटांच्या धास्तीचे पुरेसे भोगले आहे. फ्लुओराइड पाण्यातून काढण्याची रीत जुनी आणि पक्की आहे: चुना घालून ते खाली बसवतात आणि गाळ वेगळा ठेवतात. ज्याला ते करायचे नाही त्याला काचेच्या जवळ फिरकू देऊ नका. विद्येच्या नावाखाली आणखी एक ओढा नासवायचा असेल तर मला ती विद्या नको.

आता माझ्या मागण्या. रांजणगावच्या २९७ एकरांतली दोन एकर जागा काचेच्या प्रयोगशाळेला द्या: आयन बदलण्याची कुंडी, कडा तपासणारे सूक्ष्मदर्शक, धूळ, ऊन आणि दमट हवा एकत्र देऊन घड्या घालणारी यंत्रे. ज्या कंपन्या राज्याच्या तिजोरीतून सवलती घेतात त्यांनी सवलतीचा ठरावीक हिस्सा या प्रयोगशाळेत घालावा आणि आपले अभियंते तिथे शिकवायला पाठवावेत, हे करारातच लिहा. न लिहिणाऱ्याला सवलत देऊ नका. शिरूर आणि दौंडच्या आयटीआयमध्ये काचेचा अभ्यासक्रम काढा. वेल्डर आणि फिटरच्या पोरांइतकाच मान काच कापणाऱ्या पोराला मिळू द्या. आपल्या धुळीत आणि आपल्या उन्हात पास झाल्याशिवाय घडीचा फोन ‘टिकाऊ’ म्हणून इथे विकू देऊ नका. नुसती काच सुटा भाग म्हणून मिळाली पाहिजे. पाषाणच्या प्रयोगशाळांनी आपली माणसे महिन्यातून काही दिवस रांजणगावला बसवावीत, आणि बढतीच्या कागदावर त्या दिवसांची नोंद व्हावी.

यात अशक्य काय आहे? रस्त्याच्या एका पुलाच्या खर्चात हे उभे राहील. तरी होत नाही, कारण प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला गर्दी जमत नाही आणि ठेकेदाराला तीत मजूर पुरवता येत नाहीत. आमदार-खासदारांना मी विचारतो: पुढच्या निवडणुकीत पुन्हा ‘इतक्या हजार नोकऱ्या आणल्या’ म्हणून सांगाल, तेव्हा त्यातल्या किती जणांना तुम्ही असे काही शिकवले की कंपनी उद्या उठून गेली तरी त्यांच्या हातात विद्या उरेल? याचे उत्तर आकड्यात द्या.

आणि आईबापांनाही विचारतो. पोरगा कंपनीत लागला की पेढे वाटता. त्याला घरी आल्यावर एकदा विचारा, आज काय शिकलास. ‘काही नाही’ असे उत्तर आले तर त्याला दोष देऊ नका, ते ऐकून गप्प बसू नका आणि ग्रामसभेत उठून उभे राहा. जमीन आपण दिली, पाणी आपण दिले, पोरे आपण दिली. त्या बदल्यात पगार मिळाला, तो आपला हक्कच होता. विद्या अजून येणे बाकी आहे, आणि ती वसूल केल्याशिवाय पुढच्या एकाही कंपनीला एकही एकर देऊ नये.